दुपट्ट्याखाली हात घाला

मोबाइल घरीच ठेवा. जिथे चाललोय तिथे रेंज नाही आणि तुमच्या अंगातल्या कोपरीला खिसाही नाही. घड्याळही काढून ठेवा. धोतर सावरता येत नसेल तर कुणाला सांगू नका, शिकाल. डोळे मिटा, आणि नाक मात्र उघडं ठेवा, कारण पहिल्यांदा येणार आहे तो वास.

दगडी कोळशाचा धूर, बैलांचं शेण, गोणपाट, आणि या सगळ्यांत मिसळलेला सरकीचा तेलकट, किंचित खवट दर्प. आला? मग तुम्ही मूर्तिजापूरच्या फलाटावर पोहोचलात. साल 1912च्या आसपासचं. मार्गशीर्ष लागलाय. सकाळची थंडी अजून पायांतून गेलेली नाही आणि कापसाचा हंगाम मात्र ऐन भरात आहे.

बाजूला व्हा! तो हमाल थांबणार नाही. त्याच्या हातात लोखंडी आकडा आहे आणि समोर दाबून आवळलेली कापसाची गाठ. इथे दोन रूळ शेजारी येतात. एक मोठा, भुसावळहून नागपूरकडे जाणारा. दुसरा धाकटा, जेमतेम अडीच फुटी. धाकट्या गाडीतून उतरलेला कापूस मोठ्या गाडीत चढवायचा, एवढंच काम दिवसभर चाललेलं. कापूस मुंबईला जाणार, तिथून बोटीनं आणखी पुढे. हमालाच्या भुवयांवर रुई बसलीय. तुमच्याही बसली. शिंकू नका, शिंकून काही होत नाही. महिनाभर तरी ती नाकातून जायची नाही.

आपल्याला धाकटी गाडी धरायचीय, यवतमाळची. हिलाच पुढे सगळा वऱ्हाड ‘शकुंतला’ म्हणून ओळखणार आहे. तिचं ते गाजलेलं इंजिन, जे सत्तर वर्षं राबून 1994 साली निवृत्त झालं, ते अजून जन्मलेलंच नाही. ते 1921 साली मँचेस्टरला तयार व्हायचंय. आज आहे ते त्याहून जुनं, आणि चढाला लागलं की धापा टाकणारं. कारंज्याचं तिकीट काढा. वीसेक मैलांचा प्रवास आहे, पण घाईत असाल तर चालत निघालेलं बरं.

बाकावर जागा नाही. आहे ती एका म्हातारीच्या टोपल्याशेजारी, आणि टोपल्यात कोंबडी आहे. बसा. म्हातारी तुम्हाला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळते.

“काउन बापू, कोनतं गाव व्हय?”

तुम्ही ‘पुणं’ म्हणता. ती मान हलवते. तिच्या लेखी अकोल्याच्या पलीकडे सगळं सारखंच लांब.

“भाकर खाल्ली का?”

हा प्रश्न नाही. उत्तर द्यायच्या आत तुमच्या हातावर ज्वारीची अर्धी भाकर आणि मिरचीचा ठेचा आलेला असतो. ठेचा जपून खा. वऱ्हाडी ठेचा परक्या माणसाला पहिल्या घासालाच रडवतो, आणि इंजिनाच्या ठिणग्या डोळ्यांत जाऊन तुम्ही तसेही रडताच आहात.

बाहेर काळी जमीन, कणसांनी वाकलेली ज्वारी, मधूनच तुरीचे पट्टे, आणि पऱ्हाटी. मैलोन्‌मैल पऱ्हाटी. बाया ओटीत कापूस वेचतायत आणि गाडी गेली तरी मान वर करत नाहीत. एक पोरगा चालत्या गाडीतून उतरतो, शेंगा ओरबाडतो आणि परत चढतो. तुम्हालाही सुरसुरी येईल. येऊ देऊ नका. पाऊस जाऊन दोन महिने झालेत, काळ्या मातीला भेगा पडायला लागल्यात. पाय त्यात गेला की गाडी कितीही सावकाश असो, चुकणार.

कारंजा. उतरा.

आता कान सांभाळा. पहाटेपासून बंड्या येतायत, एकीमागे एक, वेशीपासून मागे दिसेनाशा होईपर्यंत. बैलांच्या घुंगरांचा, चाकांच्या करकरीचा आणि शिव्यांचा एकच कालवा. प्रत्येक बंडीत सुटा कापूस कडेपर्यंत तुडवून भरलेला. त्यावर कास्तकार घोंगडी पांघरून बसलेला, कारण रात्रभर जागून आलाय. एका बंडीवर तुम्हीही चढा. कापूस मऊ लागेल असं वाटलं होतं ना? बोंडाचे टोकदार पापुद्रे पाठीत घुसतात.

आणि हा बघा, अर्ध्या वाटेतच एक गृहस्थ आडवा आला. पांढरं धोतर, काळा कोट, खांद्यावर दुपट्टा. बैलांची वेसण धरून तो अगदी आपुलकीनं कास्तकाराची विचारपूस करतो, लेकीचं लग्न कधी म्हणून विचारतो. मग दुपट्टा सैल सोडतो.

घाला त्याच्याखाली हात. घाबरू नका, फक्त बोटं दाबतो. चार बोटं धरली म्हणजे चार. आता ते चार रुपये की चार आणे, हे त्यानं डोळ्यांनी सांगायचं आणि तुम्ही तोंड न उघडता समजून घ्यायचं. अंगठा घोटला म्हणजे थोडं कमी. तुम्ही बोट मागे ओढलं म्हणजे नाही. आजूबाजूला दहा माणसं उभी आहेत आणि एकालाही भाव कळत नाही. शेजारच्या बंडीवाल्याला काय मिळालं, ते तुम्हाला कळत नाही. तुम्हाला काय मिळणार, ते मात्र त्याच्या घामट तळव्याला बरोबर कळलेलं असतं. तुमच्या बोटांवरच्या घट्ट्यांवरून तो ओळखतो, शेतात राबता किती. आणि हात किती थरथरतो त्यावरून ओळखतो, पैशांची गरज किती.

हात काढून घ्या. बाजार पुढे आहे.

कारंज्याचा बाजार साधा नाही, हे इथली पोरंसोरंही ऐटीत सांगतील. 1886 साली या गावात कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, आणि असा बाजार सगळ्या देशात पहिला. कापूस एका ठरलेल्या आवारात यायचा, ठरलेल्या काट्यावर मोजायचा, आणि भाव चारचौघांत बोलायचा. मग 1897 साली सबंध वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्याच्या बाजारांचा कायदाच आला. कागदावर छान दिसतं. आवारात आलात की मात्र कळतं, माणूस कायद्याच्या दोन पावलं पुढेच चालतो. काटा सरकारी नेमाचा, पण त्यावर झुकलेला गुडघा तोलाऱ्याचा स्वतःचा. शेजारी ज्वारीची मापं पडतायत, मापारी पहिल्या मापाला ‘लाभ’ म्हणून सूर लावतो, आणि तो सूर इतका गोड की मापातून किती सांडलं ते मोजायचं राहून जातं. मग पट्टी हातात येते. हमाली, तोलाई, दलाली, धर्मादाय, गोरक्षण. गायीच्या नावानं कापलेल्या पैशाला कास्तकार काही बोलत नाही. बोलणार कसा?

दुपार झाली. शाळा सुटली. धुळीतून पोरांचा घोळका आवारात घुसतो, बंड्यांच्या खालून, बैलांच्या पोटाखालून. त्यातच कुठेतरी पापळ गावच्या शामराव देशमुखांचा मुलगा आहे. पापळला शाळा संपली, मग चांदूर रेल्वे, आणि आता इंग्रजी शिकायला कारंजा. वय तेरा-चौदा. त्याला ओळखायचा प्रयत्न करू नका. सगळ्यांच्या टोप्या सारख्या, सगळ्यांच्या पायांत सारखीच धूळ. पण हा बाजार, ही पट्टी, ती वेसण धरणारी आपुलकी, हे सगळं शाळेच्या वाटेवर आहे. रोज दिसतं ते पाठ करावं लागत नाही.

नाव पंजाब. 27 डिसेंबर 1898 चा जन्म. लोक त्याला पुढे भाऊसाहेब म्हणणार आहेत आणि तो या देशाचा कृषिमंत्री होणार आहे. आत्ता तो बहुधा शेंगा खातोय.

पुढचा टप्पा मी झपाट्यानं नेतो, कारण जहाजाच्या तळाशी तुम्हाला ओकारी यावी अशी माझी इच्छा नाही. अमरावतीचं हिंदू हायस्कूल, पुण्याचं फर्ग्युसन, आणि 1920 साली थेट विलायत. पैसे? शामरावांनी कर्ज काढलं. कापूस पिकवणाऱ्या बापानं कर्ज काढणं यात नवं काही नाही. पण लग्नासाठी, बैलांसाठी, सारा भरण्यासाठी काढतात. एडिंबरोच्या धुक्यासाठी कर्ज काढणारा बाप वऱ्हाडात विरळा. पोरगा एडिंबरोला एम.ए. झाला, बॅरिस्टर झाला, आणि ऑक्सफर्डला वैदिक वाङ्मयातल्या धर्माचा उगम आणि विकास या विषयावर डॉक्टरेट करून आला. वेद शिकायला काशीला न जाता ऑक्सफर्डला जाणारा कुणबी! कारंज्याच्या ओसरीवर या बातमीचं काय झालं असेल, ते तुम्हीच कल्पना करा.

आता उघडा डोळे. अमरावती, 1927चा सुमार. संध्याकाळ.

तुम्ही पंगतीत बसलाय. श्रद्धानंद छात्रालयाची पंगत. खाली सारवलेली जमीन, पुढे पितळी ताट, मागच्या खोलीतून लसणाच्या फोडणीचा चरचराट. डाव्या हाताला एक पोरगा, उजव्या हाताला एक. दोघेही खेड्यातले, दोघांनाही शहरात दुसरीकडे कुठे राहायला जागा मिळाली नसती. आणि आता तुमच्या जिभेवर एक प्रश्न येईल. या काळात तो प्रत्येकाच्याच जिभेवर येतो, नाव विचारल्यावर लगेच, गाव विचारायच्या आधी. गिळा तो. इथे तो विचारायचा नाही, हाच या घराचा नियम. वाढणारा येतो, भाकर टाकतो, वरण ओततो, सगळ्यांना एकाच पळीनं. गावाकडे हेच दोन पोरगे एका विहिरीचं पाणी पिऊ शकत नाहीत. इथे दोघांमध्ये भांडण आहे ते दुसऱ्या भाकरीवरून.

बाहेर गाव तापलंय. अंबादेवीच्या देवळात अस्पृश्यांना जाऊ द्या, म्हणून सभा होतायत. नोव्हेंबरात इंद्रभुवन थिएटरात परिषद भरली, अध्यक्ष डॉ. आंबेडकर. त्याच महिन्यात भाऊसाहेबांचं लग्न झालं, विमलाबाई वैद्यांशी, जातीबाहेर. गावानं जेवायचं की नाही यावर आठ दिवस खल केला असेल. तुम्ही त्यात पडू नका, जेवून घ्या. वरण निवलं की लागत नाही.

उठा, हात धुवा, आणि छत्री घ्या. पावसासाठी नव्हे, उन्हासाठी.

मे महिना. वऱ्हाडातल्या एका तहसिलीचं गाव. बारा वाजलेत, वारा भट्टीतून आल्यासारखा आहे आणि कचेरीच्या आवारातल्या एकाच कडुलिंबाखाली शंभर माणसं बसलीत. सावली सरकते तशी माणसं सरकतात. पागोट्याखालून घाम कानामागे उतरतो. कुणी बोलत नाही. ज्याच्या हातात कागद आहे तो कागदानंच वारा घेतो, आणि मग कागद भिजेल म्हणून घाबरून थांबतो.

भाऊसाहेब 1930 ते 1933 नागपूरला, मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सरकारात मंत्री होते. शिक्षण त्यांच्याकडे, शेती त्यांच्याकडे. 1932 साली त्यांनी अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली, जिच्या शाळा-कॉलेजांत निम्मा वऱ्हाड शिकला असेल. पण त्या वर्षांतलं मला सगळ्यांत जवळचं वाटतं ते हे, लिंबाखालचं. कर्ज लवादाचा कायदा, 1933 चा.

आत चला. टेबलामागे लवाद मंडळ. समोर सावकार, मांडीवर लाल कापडात बांधलेल्या वह्या. त्याच्या शेजारी उभा कास्तकार, चपला बाहेर काढून. त्याच्याच बाजूला उभे राहा, म्हणजे त्याचं छातीतलं धडधडणं ऐकू येईल. वही उघडते. जुन्या शाईचा, कापराचा आणि कोंदट कपाटाचा वास. मुद्दल किती? वाचतात. व्याज किती? वाचतात. कास्तकाराचे ओठ हलतात. तो आकडा आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं, परक्या माणसाच्या तोंडून ऐकतोय. त्याच्या बापानं अंगठा दिला होता तेव्हा मुद्दल केवढंसं होतं, हे त्याला अंधुक आठवतं. आता व्याजाचं व्याज धरून शेत विकलं तरी भागत नाही.

“एवढे कसे व्हते मालक?” तो हळूच म्हणतो.

हा प्रश्न तो घरी, सावकाराच्या ओट्यावर विचारू शकला नसता. इथे विचारतो आणि सावकाराला उत्तर द्यावं लागतं. मंडळ दोघांना बसवतं. सावकारानं काही सोडायचं, कास्तकारानं उरलेलं हप्त्यानं फेडायचं. सावकारानं ठरल्या मुदतीत मागणी मांडलीच नाही, तर ते कर्ज बुडालं. तेव्हा या उन्हात तोही आलाय, घामाघूम, आणि खरं सांगायचं तर त्याचीही थोडी कीव येते. थोडीच.

या कायद्यानं कर्जं संपली नाहीत, ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही तर ज्या काळातून आलात तिथला वऱ्हाड पाहिलेला आहे. पण ज्याच्या बापानं कर्ज काढून बॅरिस्टर केलं, त्यानं बॅरिस्टरीचा उपयोग सावकाराची वही टेबलावर आणायला केला. कारंज्याच्या त्या दुपट्ट्याच्या नेमकं उलट हे: झाकलेलं उघडं करायचं. माझ्या मते भाऊसाहेबांच्या सगळ्या कामाची खरी नस इथे सापडते, मोठमोठ्या भाषणांत नाही.

बरं. घोंगडी आहे ना? पुढे लागेल.

दिल्ली. डिसेंबर 1959. थंडी अशी की मूर्तिजापूरच्या माणसाचा तिच्यावर विश्वास बसत नाही. भाऊसाहेब 1952 पासून लोकसभेत अमरावतीचे खासदार आणि केंद्रात शेतीचे मंत्री. दरम्यान त्यांनी 1953 साली देशभर जपानी पद्धतीच्या भातशेतीची मोहीम चालवली. रोपं ओळीत लावा, मोजून खत घाला, कोळपा. गंमत बघा, आयुष्य काढलं ज्वारी-कापसाच्या मुलखात, आणि शिकवलं भात लावायला! 1955 साली भारत कृषक समाज काढला. आणि आता त्याच समाजाच्या वतीनं मथुरा रोडच्या मैदानावर सगळ्या जगाची शेती बोलावून ठेवलीय. जागतिक कृषी प्रदर्शन. 11 तारखेला उघडलं तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर स्वतः हजर होते.

तुम्ही आत शिरताय ते मात्र अध्यक्षांच्या दारानं नाही. बाजूच्या फाटकातून, रेटारेटीत. तुमच्या पुढे मूर्तिजापूर तालुक्यातले चौघे आहेत, तीन दिवसांचा रेल्वेप्रवास करून आल्यासारखे चुरगळलेले. डोक्याला लाल पागोटी, पाठीशी शिदोरीची गाठोडी. गाठोड्यातून तिळाच्या चटणीचा वास येतो आणि पंजाबी, बंगाली, मद्रासी माणसं वळून बघतात. कर्ण्यांवरून हिंदीत सूचना चालल्यात. कुणाचा तरी काका हरवलाय. नव्या रंगाचा, डिझेलचा, भज्यांच्या तेलाचा वास एकमेकांत मिसळलाय. धूळ इथेही आहेच, पण ती पिवळी. चौघांपैकी एक वाकतो, चिमूटभर उचलतो, बोटांत चोळतो आणि टाकून देतो. नापास.

अमेरिकेचा मंडप त्यांना लांबूनच दिसतो. सोनेरी घुमटांची रांग, खाली पाणी. नाव ‘अमरीकी मेला’.

“देवूळ व्हय का हे?”

“नाही भाऊ, शेतीच आहे.”

“मंग कळस कायले?”

याचं उत्तर मंडप बांधणाऱ्या यामासाकी साहेबाकडेही नसेल. पुढे रशियाचा मंडप, यंत्रं छातीएवढ्या उंच चाकांची. अमेरिका आणि रशिया बाहेरच्या जगात एकमेकांचं तोंड बघत नाहीत, आणि इथे त्यांचे ट्रॅक्टर हाकेच्या अंतरावर उभे आहेत, दोघांच्याही सीटवर आसपासच्या खेड्यांतली तीच पोरं चढून स्टिअरिंग फिरवतायत. पहारेकऱ्यानं हाकलायचं सोडून दिलंय.

मग कुजबुज होते. मंत्री आलेत. गर्दी फाकते. पाहुण्यांच्या घोळक्यात तुम्हाला ते दिसतात, साठी ओलांडलेले. चौघांतला एक टाचा उंचावून, मथुरा रोडला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडतो, “ओ भाऊसाहेब! आमी मूर्तिजापूरचे!” आजूबाजूचे परदेशी पाहुणे दचकतात. तुम्हाला लाज वाटते. त्याला वाटत नाही, वाटायचं कारणही नाही. दिल्लीत आपला माणूस आहे हे गावाला ठाऊक असतं. ते दिल्लीला कळलेलं बरं.

आणखी दोन-अडीच वर्षांत मंत्रिपद जाईल. 10 एप्रिल 1965 ला याच शहरात ते जातील. 20 ऑक्टोबर 1969 ला अकोल्यात त्यांच्या नावाचं कृषी विद्यापीठ उभं राहील, आणि या चौघांचे नातू 27 डिसेंबरला तिथल्या प्रदर्शनात कापसाची वाणं बघायला जातील, मोटारसायकलवरून. पण हे त्यांना सांगत बसू नका. सांगितलंत तरी त्यांचं लक्ष नाही. ते ट्रॅक्टरपाशी पोहोचलेत.

दुभाषा तरुण आहे, सूट घातलेला, हिंदी बोलणारा. अश्वशक्ती सांगतो, दिवसाला किती एकर ते सांगतो. चौघे ऐकून घेतात. मग थोरला पुढे होतो, चाकावर काठी आपटून बघतो.

“धुऱ्यावर वळते का?”

दुभाष्याला धुरा कळत नाही. तुम्ही मध्ये पडून बांध म्हणून सांगता. तो म्हणतो, वळतो, पण शेत जरा मोठं हवं.

“केवढं?”

तो आकडा सांगतो. चौघे एकमेकांकडे बघतात आणि खदखदून हसतात. तेवढं शेत सबंध भावकीचं मिळूनही नाही.

“कापूस येचते का?”

ते यंत्र वेगळं, तो म्हणतो.

“मंग तेच दाखवा नं भाऊ आधी! इथं कवाचे उभे हावोत.”

आणि तो धाकटा, जो आतापर्यंत एक शब्द बोलला नव्हता, गाठोडं तुमच्या हातात देऊन पायदानावर पाय ठेवतो. धरा त्याचं धोतर, चाकात जाईल.